पेरणी आडवी करा, बांधाचं मागून बघू

मंडळी, पेरणी तोंडावर आलीय, बियाणं-खताची धावपळ सगळ्यांचीच चालू आहे, पण वावरात पडलेलं पाणी वावरातच कसं मुरवायचं हे आत्ता ठरवलं नाही तर एकदा तिफण फिरल्यावर फार काही करता येत नाही. हिशोब बघा, एका एकरावर 25 मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख लिटर पाणी, दहा हजारी टँकर दहा, आणि वावर उताराचं असलं की एका जोराच्या सरीत यातलं बरंचसं माती घेऊन नाल्यात.

आता उताराला आडवं पेरावं, बांध घालावा, हे कुणाला माहीत नाही असं नाही. तरी लोक करत नाहीत, आणि त्याला आळस म्हणणाऱ्यांनी आधी दोन-तीन एकरवाल्याचं वावर बघावं. वाटणीत प्रत्येक भावाला वर रस्ता पाहिजे आणि खाली नाला पाहिजे, म्हणून पट्ट्या पडल्या उताराला उभ्या. अशा अरुंद पट्टीत आडवं पेरायचं तर ट्रॅक्टर वळवण्यातच निम्मा वेळ, ड्रायव्हरला एकराचे पैसे मिळणार, तो कशाला वळणं घेईल, सरळ उभे तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, मारून मोकळा. बांध घालावा तर जागा जाते, वरून धुऱ्याची, म्हणजे हद्दीची, भांडणं. ठोक्यानं केलेल्या वावरात तर कोण खर्च करतो, पुढच्या साली मालक दुसऱ्याला देणार. 72 च्या दुष्काळानंतर सरकारी कामातून झालेले समतल बांध, म्हणजे उताराला आडवे एकाच पातळीत घातलेले, लोकांनीच कितीतरी ठिकाणी नांगरून टाकले, कारण ते वावराच्या हद्दी न बघता मधूनच गेले होते.

मग टिकतं काय? ज्याचा फरक त्याच हंगामात दिसतो ते. सोयाबीनवाल्यांनी बीबीएफ, म्हणजे रुंद वरंब्यावर पेरणी आणि दोन वरंब्यांमध्ये सरी, का धरलं, तर बियाणं एकरी 30 किलोच्या जागी 22 च्या आसपास लागतं, जास्त पाऊस झाला तर पाणी सरीतून निघतं, खंड पडला तर सरीतली ओल कामाला येते. 2023 चा कोरडा ऑगस्ट आठवतो ना? शेंगा भरायच्या वेळेला असा खंड पडला की मुरलेलं पाणी म्हणजे काय ते कळतं.

तेव्हा यंदा बांधापासून नका सुरू करू, पेरणीपासून करा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय घाई नको. शक्य असेल तिथं तास उताराला आडवेच. बीबीएफ यंत्र मिळालं नाही तरी अडत नाही, नेहमीच्या पेरणी यंत्रानं दर चार ओळींनंतर एक ओळ रिकामी सोडा आणि पेरणीनंतर महिनाभरानं, चांगला वाफसा असताना, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी असताना, डवऱ्याला (कोळपायच्या अवजाराला) दोरी गुंडाळून त्या जागेत सरी पाडा. खर्च म्हणाल तर दोरीचा. पट्टी उभीच असेल आणि इलाज नसेल तर सरीत दर दहा-पंधरा पावलांवर कुदळीनं मातीचा छोटा अडसर टाका, पाणी थांबत थांबत जाईल, मात्र भारी काळ्या जमिनीत हे अडसर ठेंगणेच ठेवा, पाणी तुंबलं की सोयाबीन पिवळं पडलंच म्हणून समजा. जास्तीचं पाणी निघायला खालच्या कोपऱ्यात दगडाचा सांडवा पाहिजेच, नाहीतर ते आपली वाट आपणच फोडतं.

रब्बी ज्वारीवाल्यांचं गणित वेगळं, त्यांनी खरिपात रान मोकळं असताना सारा यंत्रानं, म्हणजे मातीचे वरंबे घालणाऱ्या अवजारानं, पाणी मुरायला वाफे बांधून घ्यावेत.

शेततळ्याचंही थोडं बोलतो, राग येईल कुणाला. पावसाचं वाहतं पाणी धरलं तर ते जलसंधारण. बोअरचं पाणी उपसून प्लास्टिकच्या तळ्यात उन्हात ठेवायचं, ती फक्त टाकी झाली, आणि ती शेजाऱ्याच्या विहिरीतून भरतेय.

ट्रॅक्टरवाल्याशी आजच बोला. आडव्या पेरणीचे एकरी शे-दोनशे जास्त मागितले तर देऊन टाका, आणि पहिल्या दोन-तीन ओळी तो घालत असताना स्वतः वावरात उभे रहा.