मून फेस्टिव्हलआधी चिनी व्याह्यांकडे जाताना

चिनी पंचांगातल्या आठव्या महिन्याची पौर्णिमा म्हणजे मून फेस्टिव्हल. आपल्या हिशेबाने ती कधी भाद्रपदात पडते, कधी आश्विनात. 2025 साली ती 6 ऑक्टोबरला, ऐन कोजागिरीला आली होती. 2026 मध्ये हा सण 25 सप्टेंबरला आहे आणि त्याच दिवशी अनंत चतुर्दशी. सून चिनी असेल आणि व्याही माझगावातल्या जुन्या चिनी वस्तीतले असतील, तर जाण्याचा दिवस आत्ताच ठरवून टाका. विसर्जनाची गर्दी हे एक कारण. दुसरं त्याहून मोठं: सणाची संध्याकाळ ही घरच्यांच्या एकत्र जेवणाची असते. भेटीगाठी आणि देणंघेणं त्याआधीच्या दहा-पंधरा दिवसांत उरकतात. सण उलटल्यावर नेलेला मूनकेक (या सणाचा सारण भरलेला केक) म्हणजे दिवाळी संपल्यावर पोचलेला फराळ. घेतात, पण त्यात काही राम राहत नाही.

2026 साठी 20 तारखेचा रविवार ते 23 तारखेचा बुधवार हे दिवस सोयीचे. पौर्णिमेनंतर आपला पितृपक्ष सुरू होतो, तेव्हा खरेदीही त्याआधीच झालेली बरी. लालबागवरून टॅक्सी नेण्याच्या फंदात त्या आठवड्यात पडू नका. मध्य रेल्वेच्या धीम्या लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरा, वरच्या फलाटावरून हार्बर पकडा, पुढचं स्टेशन डॉकयार्ड रोड.

पहिली भेट सर्वांत थोरल्या माणसाची. सुनेची आजी काकांकडे राहत असेल, तर आधी काकांकडे, मग व्याह्यांकडे. दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंग प्रांताकडच्या रीतीप्रमाणे सणाआधी लेक-जावयाने भेटवस्तू घेऊन तिच्या माहेरी जायचं असतं, आणि मुंबईतल्या अनेक चिनी कुटुंबांचं मूळ तिकडचंच. म्हणून मुख्य पिशवी जावयाच्या, म्हणजे तुमच्या मुलाच्या हातात हवी. तुमची वेगळी, जरा लहान.

आता पिशवीत काय घालायचं. मूनकेक हवाच असा आपला समज असतो, पण मुंबईत तो मोजक्याच ठिकाणी, हंगामापुरता मिळतो आणि महाग पडतो. मिळाला तर चार केकचा डबा घ्या. एक केक साधारण 180 ग्रॅमचा असतो. सारणात कमळाच्या बियांचा गोड गर आणि बहुतेक वेळा खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा पिवळा बलक. पारंपरिक प्रकारांत डुकराची चरबी असू शकते, पाच प्रकारच्या दाण्यांच्या केकमध्ये हॅमसुद्धा. विकत घेतानाच विचारा. बर्फासारख्या पांढऱ्या आवरणाचा, न भाजलेला प्रकार फ्रीजमधलाच. तो लोकलमधून नेऊ नये. घरी भाजणार असाल तर भेटीच्या दोन-तीन दिवस आधी भाजा. ताज्या केकचं कवच कडक असतं, सारणातलं तेल कवचात उतरलं की ते मऊ आणि चकचकीत होतं. आदल्या रात्री भाजलेला केक सकाळी कोरडा आणि भुसभुशीत लागतो. मग सगळे रेसिपीला दोष देतात.

आमच्या मते मूनकेकमागे धावण्यापेक्षा पपनस न्यावं. या सणाचं ते मानाचं फळ आहे आणि गणपतीच्या दिवसांत आपल्या बाजारात ते हमखास येतं. घेताना आकारावर जाऊ नका, वजन बघा. दोन सारख्या फळांतलं जे हाताला जड लागेल ते रसाळ. साल घट्ट हवी. दाबून स्पंजासारखी लागली, की आत फोडी सुकलेल्या असणार. डेख आणि एखादं पान असेल तर राहू द्या, दिसायला छान. सोलून, फोडी करून डब्यात नेऊ नका, अख्खंच द्या: ते चंद्रापुढे मांडतात, आणि सालीचा कंदील किंवा टोपी करायला पोरं टपलेली असतात. जाड सालीमुळे फळ आठवडाभर सहज टिकतं. फक्त एक सांभाळा. ग्रेपफ्रूटप्रमाणे पपनसही कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा परिणाम वाढवतं. आजी-आजोबांना “एक तरी फोड घ्याच” असा आग्रह नको.

पपनसं दोन. चिनी घरात शुभ वस्तू जोडीने देतात. चार मात्र टाळतात, कारण चार आणि मरण यांचे उच्चार जवळपास सारखे. (मूनकेकचा डबा चारचाच येतो, त्याला कुणी हरकत घेत नाही.) जोडीला 250 ग्रॅम चांगला दार्जिलिंग चहा सीलबंद डब्यात, किंवा अक्रोड-पिस्ते. पेढे-बर्फी टाळा, बऱ्याच चिनी ज्येष्ठांना दूध पचत नाही, आणि सप्टेंबरच्या उकाड्यात मावा टिकत नाही. काजूकतली चालते. चिवडा-बाकरवडी देण्याआधी सुनेला विचारा: देवीभक्त, बौद्ध वळणाच्या घरातली वडीलधारी मंडळी चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, आणि त्यात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. सण पंधराव्यालाच येतो.

आपल्या सवयी सर्वांत जास्त नडतात त्या बांधणीत. मिठाईवाल्याचा पांढरा डबा तसाच देऊ नका, लाल किंवा सोनेरी कागद गुंडाळा. दादरच्या फुलबाजारातून शेवंती तर अजिबात नाही, कारण पांढरी-पिवळी शेवंती त्यांच्याकडे अंत्यविधीची. घड्याळ, छत्री, सुरी-कात्री, रुमाल आणि नासपती यादीतूनच काढा. कार्डावर नाव लिहायला लाल पेन वापरू नका. पैशांच्या पाकिटाची या सणाला गरजच नसते. नव्या वर्षाला (2027 मध्ये 6 फेब्रुवारी) मुलांना द्यायचं असेल, तर आपलं एक रुपया चिकटवलेलं पाकीट बाजूला ठेवा. 501 नाही, 200 किंवा 600. नोटा कोऱ्या, पाकीट लाल. तेव्हा पपनसाच्या जागी नागपुरी संत्री, तीही जोडीने.

घरात शिरल्यावर चपला बाहेर, नमस्कार आधी आजीला. भाषेची चिंता नको, जुन्या मुंबईकर चिनी घरांत हिंदी सर्रास चालते. पिशवी दोन्ही हातांनी द्या. “कशाला आणलंत?” असं दोन-तीनदा होईल, तो नकार नाही, तुम्ही हळूच पुन्हा पुढे करायची. ती न उघडताच कोपऱ्यात ठेवली जाते. आपल्याला वाटतं, आवडलं नाही वाटतं. तर तसं काही नसतं. समोर उघडणं त्यांना हावरटपणाचं वाटतं. घरात लाल देव्हारा, उदबत्त्या आणि पुढे फळं दिसली तर तुमचं पपनस स्वतःहून तिथे नेऊन ठेवू नका. ते काम घरच्यांचं.

चहाचा कप दोन्ही हातांनी घ्या. कँटोनी, म्हणजे ग्वांगदोंगकडच्या घरात कुणी तुमचा कप भरत असताना दोन बोटं टेबलावर हलकेच आपटली, की आभार पोचले. मूनकेक कापला तर त्याच्या आठ फोडी होतात. एक-दोन फोडी, सोबत बिनदुधाचा चहा. अख्खा केक एकट्याने संपवायचा नसतो, तो फारच जड असतो. जेवायला थांबायचा आग्रह होईल, पण आधी ठरलं नसेल तर पाऊण-एक तासात उठा.

निघताना तुमच्याही हातात काहीतरी पडेल. कधी तुम्हीच आणलेल्या दोन पपनसांतलं एक परत देतात, कधी दुसऱ्या कुणाकडून आलेला मूनकेकचा डबा. ते मुकाट्याने घ्या, कारण रिकाम्या हाताने पाठवणं त्यांनाही आपल्याइतकंच जड जातं. त्या डब्यावरची तारीख मात्र घरी पोचल्यावर बघा. हातोहात फिरलेला डबा असू शकतो, आणि घरगुती केकला सप्टेंबरच्या दमट हवेत लवकर बुरशी धरते.