या चुका टाळा: गोठ्यातले जिवाणू घरात, घरातले गोठ्यात

सातव्या-आठव्या महिन्यात गाय गाभडली की सगळं घर हळहळतं. वासरू गेलं, वेत गेलं, दूध गेलं. जनावरांचा डॉक्टर म्हणून मला बोलावणं येतं ते बहुतेक दुसऱ्या दिवशी, आणि तोवर नको ते होऊन गेलेलं असतं. मालकानं मेलेलं वासरू पाय धरून ओढत बाहेर नेलेलं असतं, घरातल्या बाईनं वार पाटीत भरून उकिरड्यावर टाकलेली असते. दोघांचेही हात उघडे. गवत कापताना विळ्यानं बोटांवर पडलेल्या बारीक चिरा तर शेतकऱ्याच्या हातावर कायमच असतात.

उशिरा गाभडण्यामागे कारणं अनेक असतात, पण ब्रुसेला हा जिवाणू पहिल्या संशयितांपैकी एक आहे. मेलेला गर्भ, वार आणि त्याबरोबरचं पाणी यांत तो अक्षरशः कोट्यवधींनी असतो. माणसात शिरायला त्याला बोटावरची चीर पुरते, डोळ्यात उडालेला थेंब पुरतो, श्वासावाटेही तो जातो. म्हणून वार अडकली तर घरच्या माणसानं हात घालून ती ओढू नये. माझी यावर हात जोडून विनंती आहे. आम्ही डॉक्टरसुद्धा खांद्यापर्यंतचे हातमोजे, मास्क आणि चष्मा घातल्याशिवाय हात घालत नाही, घालूही नये. बाहेर पडलेला गर्भ किंवा वार उचलताना हातमोजे नसतील तर निदान जाड प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून मनगटाशी घट्ट बांधा. पोरांना आणि गरोदर बाईला तिथून लांब ठेवा.

गर्भ उकिरड्यावर टाकला की कुत्री तो ओढत शेजारच्या गोठ्यापर्यंत नेतात. दुसऱ्या गाई तो हुंगतात, चाटतात, आणि रोग पुढच्या दावणीला जातो. डॉक्टर नमुना घेईपर्यंत गर्भ झाकून ठेवा. मग खोल खड्डा काढून, वर चुना टाकून पुरा. खालचं ओलं गवत जाळा. गर्भ, वार सावलीत, ओलाव्यात पडून राहिली तर हा जिवाणू कित्येक आठवडे जगतो. कडक उन्हात मात्र लवकर मरतो.

सगळ्यात फसवी चूक पुढच्या वर्षी होते. बाधित गाय बहुतेकदा एकदाच गाभडते. पुढच्या वेळी ती सुखरूप व्यायली की सगळे म्हणतात, बरी झाली. ती बरी झालेली नसते. तिच्या दुधातून आणि व्यायल्यावरच्या स्रावातून जिवाणू पुढेही बाहेर पडत राहतात. ती बाजारात विकणं म्हणजे आपला रोग दुसऱ्याच्या दारात बांधणं. रक्ताची तपासणी करून घ्या आणि तोवर तिला वेगळी बांधा.

धारोष्ण दूध ताकदीचं, ही समजूत आता सोडा. शेळीचं दूधही कच्चं पिऊ नका, कारण शेळ्या-मेंढ्यांतला ब्रुसेला माणसाला जास्त त्रास देतो. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर इंग्रज लष्करातले डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांना १८८७ साली तापानं मेलेल्या इंग्रज सैनिकांच्या प्लीहेत हा जिवाणू सापडला. तो येतो कुठून, हे कळायला १९०५ उजाडलं. दिसायला धडधाकट असलेल्या शेळ्यांच्या अंगात तो होता, हे माल्टातलेच डॉक्टर झामिट यांनी दाखवलं. दूध ऊत येईपर्यंत तापवलं की तो मरतो. आपण विरजण तापवलेल्या दुधालाच लावतो, ती सवय मोडू नका.

लसीबाबत थोडक्यात: ती फक्त कालवडी-पारड्यांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच. गाभण जनावराला नाही, नरालाही नाही. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती सरकारतर्फे दिली जाते. लस जिवंत जिवाणूंची असते, तिची सुई स्वतःला टोचली तर माणूस आजारी पडू शकतो. म्हणून घरी टोचण्याचा खटाटोप नको.

माणसाला संसर्ग झाला की ताप येतो-जातो, रात्री घामानं अंथरूण भिजतं, कंबर आणि सांधे धरतात. माझ्या एका नातेवाइकाला दोन महिने टायफॉइडच्या गोळ्या चालू होत्या. घरी जनावरं आहेत का, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. तुम्ही आपणहून सांगा: गाय गाभडली होती, मी हात लावला होता. उपचार निदान सहा आठवडे चालतात. ताप उतरला म्हणून मध्येच सोडले तर दुखणं उलटतं.

रोग नेहमी जनावराकडूनच आपल्याकडे येतो, हेही खरं नाही. आपल्या नाकात आणि कातडीवर राहणारा स्टॅफिलोकोकस हा जिवाणू हातावाटे सडात पोहोचतो आणि कासदाह, म्हणजे कासेला सूज, होऊ शकतो. कोंबड्यांत जगभर पसरलेला त्याचा एक प्रकार मुळात माणसाकडून गेला होता, हे २००९ साली एडिंबरोच्या संशोधकांनी दाखवलं. म्हणून धार काढण्याआधी साबणानं हात धुवा, बोटावर गळू किंवा पिकलेली जखम असेल तर त्या दिवशी दुसऱ्याला बसवा. माणसाचा क्षयही गाईला होऊ शकतो. घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीचा अहवाल येईपर्यंत त्यानं गोठ्यात जाऊ नये, आणि गव्हाणीत तर कुणीच थुंकू नये.