मळ्यातली पार्टी : जाळीवर चिकन भाजताना या चुका टाळा

साताऱ्या-सांगलीकडं मळ्यात पार्टी ठरली की रश्शाचं काम जाणत्याकडं जातं आणि जाळी ज्याला हौस असेल त्याच्या हातात. घोटाळा होतो तो जाळीवरच. रस्सा शंभर अंशांच्या आसपास रटरटत राहतो. जाळीवरच्या तुकड्याचा पृष्ठभाग मात्र एकदा सुकला की दोनशेच्या घरात जातो. साधारण १५० अंशांपुढे मांसातलं क्रिएटिन (स्नायूंत असणारं द्रव्य), अमिनो आम्लं आणि साखर यांच्यापासून हेटरोसायक्लिक अमाइन्स, म्हणजे कर्करोगाचा संशय असलेली द्रव्यं, झपाट्यानं तयार होतात. दुसरा त्रास धुराचा. चरबी निखाऱ्यावर ठिबकली की ती जळून तयार होणारी पॉलिसायक्लिक हायड्रोकार्बन्स नावाची द्रव्यं धुरासोबत वर येतात आणि मांसाला चिकटतात. त्यांतल्या बेन्झोपायरीनची नोंद माणसात कर्करोग घडवणारं द्रव्य म्हणून झालेली आहे.

अमाइन्समुळं कर्करोग झाल्याचं दिसलं ते उंदरांत, तेही खूप मोठ्या मात्रेत. माणसांच्या पाहण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. जत्रेला एकदा भाजलेलं खाल्लं म्हणून झोप उडवून घ्यायचं कारण नाही, पण दर रविवारी काळी तंगडी चघळणाऱ्यानं पद्धत बदलावी.

ज्वाळेवरच चढवणं

सगळ्यात मोठी चूक ही. भूक लागलेली असते, कुणीतरी उसाचं पाचट टाकून जाळ वाढवतं आणि तंगडी बाहेरून काळी, हाडापाशी लाल राहते. बाभळीचं लाकूड पूर्ण जळू द्या. निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर आला की जाळी एक वीत उंचावर ठेवा. निखारे एका बाजूला ओढून ठेवले तर ठिबकणारी चरबी मोकळ्या जागेत पडते. भडका उडालाच तर तुकडे तिकडं सरकवा. वरून पाणी मारलं की राख उडून मांसावर बसते. रंगवलेली फळी, प्लायवूड, प्लास्टिक चुलीत घालूच नका.

कच्चंच भाजायला घेणं

कातडी आणि सुटी चरबी काढा. हळद-मीठ लावून तुकडे १० ते १२ मिनिटं वाफवा, सुटलेलं पाणी काढून घ्या, मग निखाऱ्यावर चार-पाच मिनिटं पुरतात. त्या पाण्यात क्रिएटिन उतरलेलं असतं, त्यामुळं जाळीवर अमाइन्सना कच्चा माल कमी मिळतो. पाणी फेकू नका, रश्शात घाला. तिथं तापमान तेवढं चढत नाही. मात्र घरी अर्धवट वाफवून डबा मळ्यावर न्यायचा आणि दोन तासांनी भाजायचं, हे नको. कोमट मांसात जंतू वाढतात आणि पोट त्याच रात्री बिघडतं. वाफवणं तिथंच, भाजण्याआधी लगेच.

करपण्याच्या धास्तीनं कच्चं उतरवणं ही उलटी चूक. चिकनच्या आत ७४ अंश हवेत. थर्मामीटर नसेल तर हाडापाशी चिरून बघा, लाल रस दिसला तर परत ठेवा.

तेल आणि गूळ

दही, आलं-लसूण, लिंबाच्या मसाल्यात तासभर मुरवलेल्या मांसात अमाइन्स कमी होतात, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. मध, गूळ किंवा गोड सॉस मात्र उतरवायच्या आधी एक-दोन मिनिटंच लावा, नाहीतर साखर करपते. ब्रशनं तेल चोपडत बसलात तर तेच ठिबकून भडका करतं. तुकडे दर मिनिटाला उलटा. एकाच बाजूला रंग येईपर्यंत थांबलात की पृष्ठभाग तापत जातो.

काळं खरवडलं की झालं?

अर्धंच. अमाइन्स नुसत्या तपकिरी भाजलेल्या तुकड्यातही असतात. तरी करपलेला भाग काढाच. सुकं मटण कढईला लागलं तर तळ खरवडून त्यात मिसळू नका; तळाशी लागलेल्या थरात हीच द्रव्यं जास्त साठतात. मुंडी-पाय भाजून आणलेत तर काळा थर सुरीनं खरवडा आणि दोन-तीन पाण्यांनी धुऊन मगच शिजायला घाला.

वांग्याच्या भरतावर संशय नको. वांग्यात क्रिएटिन नसतं, आणि जळकी साल तर आपण काढूनच टाकतो.