बायोडिझेलच्या ग्लिसरीनचं कंपोस्ट कसं करायचं

वापरलेल्या खाद्यतेलाचं बायोडिझेल केलं की भांड्याच्या तळाशी गडद तपकिरी, दाट थर बसतो. त्याला ग्लिसरीन म्हणतात खरं, पण त्यात साबण, उरलेलं मिथेनॉल आणि उत्प्रेरकही (क्रिया घडवून आणायला घातलेला कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश) असतो. त्याचं खत होईल की नाही, हे ठरतं उत्प्रेरकावर.

कॉस्टिक सोडा वापरला असेल तर तो थर बागेत नेऊच नका. सोडियममुळे मातीची रचना मोडते, ती चिकट होते आणि पाणी मुरेनासं होतं. ढिगात कुजवलं तरी सोडियम कुठे जात नाही. कॉस्टिक पोटॅश वापरला तर मागे पालाश (पोटॅशियम) उरतं आणि ते झाडांना हवंच असतं. पोटॅश सोड्याच्या १.४ पट लागतो, पण बागेत वापरायचं असेल तर तोच घ्या. कोणता उत्प्रेरक होता हे आठवत नसेल तर थर थंड होऊ द्या. सोड्याचा बहुधा गोठून घट्ट बसतो, पोटॅशचा ओतता येण्याइतका पातळ राहतो. मात्र ही निव्वळ खूण आहे, खात्री नव्हे.

यानंतर मिथेनॉल काढायचं. ते विषारी आहे, पेट घेतं आणि उजेडात त्याची ज्योत जवळजवळ दिसतही नाही. म्हणून उघड्या पातेल्यात किंवा गॅसवर कधीच तापवू नका. बंद भांडं, वाफ थंड करणारी नळी आणि विजेचा हीटर, हे सगळं मोकळ्या हवेत मांडा. हातमोजे आणि चष्मा हवाच. नळीचं बाहेरचं तोंड कधीही बंद करू नका, वाफ कोंडली तर भांडं फुटेल. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, पण ग्लिसरीनमध्ये मिसळलेलं शेवटचं मिथेनॉल लवकर सुटत नाही. तापमान हळूहळू १०० अंशांच्या वर न्या आणि नळीतून थेंब पडायचे थांबेपर्यंत थांबा. साबणामुळे फेस उसळतो, म्हणून भांडं अर्धंच भरा. वास येत नाही म्हणजे मिथेनॉल संपलं, असं समजू नका.

आता ढीग. साधारण एक घनमीटरचा आणि आधीच तापू लागलेला घ्या. ताज्या पाल्यात किंवा शेणात कोरडा पाला, बारीक केलेल्या फांद्या मिसळलेल्या असाव्यात. ग्लिसरीनमध्ये वजनाच्या ३९ टक्के कार्बन असतो, नत्र अजिबात नाही. एक किलोमागे सुमारे १३ ग्रॅम नत्र लागतं, तेव्हा शेण किंवा हिरवा पाला सढळ हाताने वाढवा.

एक लिटर ग्लिसरीन दहा लिटर कोमट पाण्यात ढवळून ढीग पालटताना थराथरावर शिंपडा. एकाच जागी ओतलं तर साबणाचा बुळबुळीत पापुद्रा धरतो, आत हवा जात नाही आणि नासका वास सुटतो. तसं झालंच तर तो भाग फोडून कोरडा भुसा मिसळा आणि आठवडाभर ग्लिसरीन बंद ठेवा. एरवी पुढचा हप्ता पाच-सात दिवसांनी, एका ढिगाला एकूण पाच-सहा लिटरच. एक लिटर थरात ५०-६० ग्रॅम पोटॅश असू शकतो, त्यामुळे जास्त घातलं तर सामू (pH) आणि क्षार दोन्ही चढतात.

सूक्ष्मजीवांना ग्लिसरीन पटकन पचतं, म्हणून एक-दोन दिवसांत ढीग आणखी तापतो. ५५ ते ६५ अंश ठीक, त्यावर गेला की पालटा. मूठभर माल दाबल्यावर एक-दोन थेंबच निघावेत, एवढाच ओलावा ठेवा. गांडुळांच्या वाफ्यात मात्र हे ग्लिसरीन थेट घालू नका, अल्कलीने गांडुळं मरतात.

शेवटचा हप्ता घातल्यावर किमान तीन महिने मुरू द्या. मग चमचाभर खत पाण्यात कालवून सामू पाहा, ८ च्या वर असेल तर अजून थांबा. ८ किंवा त्याखाली आला की एका कुंडीत निम्मं खत, निम्मी माती घालून मुळ्याचं बी पेरा, शेजारी नुसत्या मातीची कुंडी ठेवा. दोन्हीकडे सारखंच उगवलं आणि पानांच्या कडा करपल्या नाहीत, तर खत तयार आहे.