जुना टायर न बघता नवा घालू नका : एसयूव्हीवाल्यांच्या नेहमीच्या चुका

जून तोंडावर आला की टायर बदलायला गाड्यांची रांग लागते आणि बोलणं बहुतेकदा एकच असतं. ‘दादा, पुढचे दोन गेलेत. तेवढे टाका, मागचे वर्षभर निघतील. जरा लवकर करा, घरचे गाडीतच बसलेत.’ जुना टायर रिमवरून उतरतो, कोपऱ्यात जातो, नवा चढतो, बिल होतं. तो टायर तसाच का झिजला, हे कुणी विचारत नाही. कुटुंबाला घेऊन घाट उतरणाऱ्या माणसाने हे विचारलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात महागडी चूक : जुना टायर न वाचणं

गाडीत काय बिघडलंय ते झिजलेल्या टायरवर उमटलेलं असतं. मधला पट्टा झिजलाय आणि कडा शाबूत आहेत, म्हणजे हवा जास्त होती. दोन्ही कडा गेल्यात आणि मध्ये नक्षी आहे, म्हणजे हवा कमी. एकच कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट (म्हणजे चाकांचे कोन) किंवा सस्पेन्शन बिघडलंय. तळहात एका दिशेने फिरवला की गुळगुळीत आणि उलटा फिरवला की करवतीच्या दातांसारखं टोचतं, तिथे टो, म्हणजे चाकांची तोंडं समोरून आत-बाहेर किती वळलीत तो कोन, बिघडलाय. जागोजागी खळगे पडलेत आणि साठच्या पुढे गाडी घुमते, तर शॉकअप आणि बॅलन्सिंग बघा.

एका गणपतीच्या आधीची गोष्ट. कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला निघालेलं एक कुटुंब, सात सीटर गाडी, वर टपावर सामान. गृहस्थ म्हणाले, फक्त हवा बघा, टायर गेल्या पावसाळ्यातच घेतलेत. बाहेरून बघितलं तर नक्षी खरंच चांगली होती. मी स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवायला सांगितलं, म्हणजे टायरची आतली कड दिसते, आणि बॅटरी मारली. डाव्या टायरच्या आतल्या कडेला दोन बोटं रुंदीचा पट्टा पार गोटा झाला होता. एका ठिकाणी रबर संपून स्टीलच्या तारा उघड्या पडल्या होत्या. ताई मुलांना गाडीत बसवत होत्या, त्यांना खाली उतरायला सांगितलं.

गृहस्थांचा पहिला शब्द, ‘टायरच खराब निघाला.’ मग बोलता बोलता कळलं की आधीची जोडीही लवकरच गेली होती. ती एक्स्चेंजमध्ये दिली, कुणी उलटून बघितली नाही. मधल्या काळात अलाइनमेंट तीनदा झालं होतं, छापील कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात होता आणि त्यावरचे सगळे आकडे हिरवे, म्हणजे बरोबर, होते.

गाडी लिफ्टवर घेतली. डाव्या लोअर आर्मला, म्हणजे चाक खालून धरून ठेवणाऱ्या दांड्याला, टॉमीने (लोखंडी पहारीने) रेटलं तर आर्म जागचा सरकत होता, त्याचं मागचं रबरी बुश फाटलेलं. उभ्या गाडीवर मशीन बरोबर आकडा दाखवते. ब्रेक मारला, खड्डा आला की आर्म मागे सरकतो, चाकाचा कोन बदलतो आणि आतली कड घासली जाते. अशा गाडीवर अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे वाया. आधी सैल झालेला भाग बदलायचा, मग मशीनवर चढवायची. आर्म बदलला, अलाइनमेंट केलं, टायर टाकले, कुटुंब दुसऱ्या दिवशी गेलं. पुढच्या पावसाळ्याआधी तेच टायर आले तेव्हा आतून बाहेरून सारखेच झिजले होते.

बऱ्याच गाड्यांमध्ये पुढच्या चाकांचा फक्त टो नटाने जुळवता येतो. कॅम्बर, म्हणजे उभं चाक आत-बाहेर किती कललंय तो कोन, जुळवायची सोयच नसते. कागदावर कॅम्बर लाल दिसत असेल तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय. ‘थोडं इकडेतिकडे चालतं’ असं कुणी म्हणालं तर गाडी तिथून काढा.

माझी सवय सांगतो. टायर उतरण्याआधी त्यावर खडूने चाकाची जागा लिहितो. मग नक्षीची खोली मोजणारा डेप्थ गेज तीन ठिकाणी लावतो : आतली कड, मध्य, बाहेरची कड. तिन्ही आकड्यांत दीड मिलिमीटरच्या वर फरक दिसला तर गाडीखाली शिरल्याशिवाय नवा टायर चढवत नाही. गिऱ्हाईक घाईत असेल तर त्याला चहा सांगतो, पण बघतोच.

दोन नवे टायर पुढे टाकणं

यावर मी रोज भांडतो. ‘इंजिन पुढे, स्टीअरिंग पुढे, मग नवे टायर पुढेच हवेत ना?’ नाही. दोनच बदलायचे असतील तर नवे मागे आणि मागचे चांगले पुढे. गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असली तरीही.

ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ बघते. आपण नकळत ॲक्सिलरेटर सोडतो, वेग उतरतो, पकड परत येते. मागची चाकं घसरली तर गाडीची शेपूट बाहेर जाते आणि ती फिरते. आंबोलीच्या किंवा ताम्हिणीच्या पावसातल्या वळणावर हे सावरायला वेळ मिळत नाही, आणि सावरायचं कसं हे घरची गाडी चालवणाऱ्या कुणालाच शिकवलेलं नसतं. मागे झिजलेले टायर असले की साचलेल्या पाण्यावर मागचा भाग आधी तरंगतो. मागचेही पुढे आणायच्या लायकीचे नसतील, तर चारही बदला.

फोर व्हील किंवा ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर हा प्रश्नच नाही. चारही सारखे, एकाच मापाचे, एकाच नक्षीचे. झिजेमुळे घेर वेगळे झाले की गिअर बॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतच्या भागांवर कायम ताण राहतो, आणि तो खर्च टायरपेक्षा कितीतरी मोठा आहे.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवणं

‘टायर गरम होऊन फुटेल म्हणून पाच पाउंड कमी मारा.’ हा सल्ला ज्याने पहिल्यांदा दिला त्याने फार नुकसान केलंय. हवा कमी असली की साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो आणि त्या दबण्यानेच टायर तापतो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, काँक्रीटचा, वेगमर्यादा १२०. मे महिन्यात सात माणसं आणि सामान घेऊन त्यावर तासन्‌तास एका वेगाने जायचं असेल तर कमी हवा हाच सगळ्यात मोठा धोका आहे.

चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर दोन आकडे असतात, थोड्या माणसांसाठी आणि पूर्ण भारासाठी. सगळं घर घेऊन निघताना दुसरा आकडा. टायरच्या बाजूवर ‘मॅक्स’ म्हणून छापलेला आकडा तुमच्यासाठी नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची. वाटेत धाब्यावर गरम टायरमध्ये आकडा चार-पाचने वाढलेला दिसतो, तो वाढणारच, तेव्हा हवा काढू नका. दीड-दोन हजारांच्या आत चांगला गेज आणि सिगारेट लायटरवर चालणारा पंप येतो, तो गाडीत ठेवा. नायट्रोजनवर पैसे घालवायची गरज मला वाटत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

खरेदीच्या वेळच्या चुका

तारीख न बघणं. बाजूवर डीओटी अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ मधला तेविसावा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला मागा. सवलतीत दोन वर्षांचा टायर गळ्यात मारू देऊ नका. वापरातला टायर सहा वर्षांचा झाला की नक्षी कितीही असो, मी काढतो. रबर कडक झालेलं असतं, बाजूला बारीक चिरा दिसतात.

कायद्याच्या १.६ मिलिमीटरपर्यंत थांबणं. खाचेतल्या उंचवट्यांशी नक्षी समपातळीत आली की तो आकडा झाला. नवा टायर सात-आठ मिलिमीटरचा असतो. आपल्याकडच्या पावसात मी तीनवर बदलतो.

लोड इंडेक्स खाली आणणं. २१५/६० आर १७ ९६ एच असं लिहिलंय, तर ९६ म्हणजे एका टायरवर ७१० किलो, एच म्हणजे ताशी २१०. त्याच मापाचा कमी आकड्याचा टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. सात माणसांच्या गाडीत तर नाहीच.

दिसायला रुंद टायर. याच गाडीला २१५ ऐवजी २३५/६० घातला की व्यास २४ मिलिमीटरने वाढतो, स्पीडोमीटर साडेतीन टक्क्यांनी चुकतो आणि पूर्ण वळणावर आतलं प्लास्टिक घासतं. डांबरी रस्त्यावरच फिरणाऱ्या गाडीला जाड नक्षीचे ऑल टेरेन टायरही नकोत. आवाज वाढतो, मायलेज उतरतं, ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं.

साइडवॉलचं पंक्चर : दुरुस्ती नाही, टायर बदला. फुगा आला असेल तरी तेच.

चाकांची अदलाबदल दर दहा हजार किलोमीटरला. बाजूवर बाण असेल तर पुढचं-मागचं एकाच बाजूला.

नवे टायर टाकताना व्हॉल्व्हही नवे. बचत करायची ही जागा नाही.

स्टेपनी. महिन्यातून एकदा तिची हवा बघा. काही गाड्यांत ती लहान मापाची असते आणि तिच्यावर वेगमर्यादा लिहिलेली असते. पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचण्यापुरतीच ती असते.

आणि पान्यावर उभं राहून नट आवळू देऊ नका, त्याने स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतात ते बोल्ट, ताणले जातात. मॅन्युअलमधला आकडा बघून टॉर्क रेंचने (ठरावीक जोर लावून आवळणाऱ्या पान्याने) आवळायला सांगा, आणि शंभर किलोमीटर झाले की पुन्हा एकदा तपासून घ्या.