जुन्या मशीनगनच्या पट्ट्यातून काडतुसं काढताय? या चुका टाळा

जुनं काडतूस म्हणजे मेलेलं काडतूस, हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. कोरड्या जागी राहिलेली दारू ऐंशी वर्षांनंतरही पेटते. म्हणून पुढचं सगळं फक्त निकामी, ड्रिलच्या काडतुसांसाठी आहे: पुंगळीला, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीला, आरपार भोकं किंवा उभ्या खाचा, आणि बुडाशी टोपीची (ठोका बसला की दारू पेटवणाऱ्या भागाची) जागा रिकामी. टोपी जागेवर दिसली तर पट्टा आहे तिथेच ठेवून ११२ ला कळवा. टोपीवर ठोक्याची खूण आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. ठोका बसूनही न उडालेल्या काडतुसावर तीच खूण असते. स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सला असलं, तरी काडतुसांच्या परवान्याचा विषय १९५९ च्या शस्त्र कायद्यातला. शहरात त्यासाठी पोलीस आयुक्तालयच गाठावं लागतं.

दुसरी चूक दिशेची. व्हिकर्स मशीनगनच्या कापडी पट्ट्यात २५० काडतुसं मावतात. त्यातल्या .३०३ इंची काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. पुढे, म्हणजे गोळीच्या टोकाकडे, ढकललं की ती कापडात रुतते आणि शिवण किंवा रिव्हेट उसवतात. मशीनगनमधला एक्स्ट्रॅक्टर (काडतूस ओढून काढणारा भाग) सुद्धा कड धरून काडतूस मागेच ओढतो. तुम्हीही तेच करा. ब्राउनिंग मशीनगनच्या धातूच्या पट्ट्यातल्या एम-१ कडीतूनही मागेच. ७.६२ मिमी काडतुसांच्या एम-१३ कडीतून मात्र पुढे.

अडकलेल्या काडतुसाला पक्कड लावली की पुंगळीची मान चेपते, पिळलं की कापड फाटतं. अडकतं ते पितळावरच्या हिरव्या गंजामुळे, शिवाय ओलीने सूत फुगून खण आवळतो म्हणून. सागवानी ठोकळ्यात ९ मिमी रुंद, ३५ मिमी खोल भोक पाडा. गोळी आणि मान आत जाते, जोर पुंगळीच्या खांद्यावर येतो. पट्टा टेबलावर सपाट धरून ठोकळा हाताने दाबा. कड दोन-तीन मिमी मागे सरकली की बोटांनी सरळ ओढा. हातोडी नको. तेलही नको, कापडावरचा डाग जात नाही. हे काम मे महिन्यातल्या कोरड्या हवेत करावं, पण सावलीत. नागपूरच्या उन्हात जुनं सूत आणखी कडक होतं.

काडतूस निघालं की चकाकी आणायचा मोह होतो. अमोनिया असलेलं पॉलिश लावू नका. इंग्रजी फौजेच्या काळात हिंदुस्थानात पावसाळाभर तबेल्यात ठेवलेल्या पुंगळ्यांना आपोआप चिरा पडत. दोष घोड्यांच्या मुतातल्या अमोनियाचा होता, हे १९२१ मध्ये नीट उलगडलं. सुती फडकं पुरे.

रिकामा पट्टा घडी न घालता सैल गुंडाळा, आणि काडतुसं परत त्यात भरून ठेवू नका. पहिल्याच पावसाळ्यात हिरवा गंज पुन्हा धरेल.