धिप्पाड माणसाने एमजीबीत बसायचं कसं

जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार म्हटली की सहा फुटी, शंभर किलोच्या माणसाला पहिला सल्ला मिळतो: नाद सोड, तुझं पोटच मावणार नाही. एमजी कंपनीच्या छोट्या मिजेटबद्दल हे बहुतांशी खरंच आहे. एमजीबीबद्दल मात्र नाही. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनलेली ही गाडी बाहेरून दिसते त्याहून आतून ऐसपैस आहे, विशेषतः पाय लांब करायला. तिच्या चाकांतलं पुढचं-मागचं अंतर ९१ इंच, मिजेटचं ८० इंच. जो त्रास होतो तो दोन-तीन ठराविक जागी होतो, आणि त्यातला बराचसा पाना, कात्री आणि एका रविवारात सुटतो. अट एवढीच की नक्की कुठे अडतंय ते आधी शोधायचं. सीट, स्टिअरिंग आणि बूट हे तिन्ही एकदम बदलून बसलात, तर कशाने फरक पडला हेच कळत नाही.

उंचीचा आकडा फारसा कामाचा नाही. सहा फूट दोन इंचांची दोन माणसं भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसली, तर डोक्यांच्या पातळीत दोन-तीन इंचांचा फरक सहज निघतो. लांब धडाच्या माणसाचं डोकं टपाला, म्हणजे दुमडत्या कापडी छपराला, टेकतं, लांब पायांच्या माणसाचे गुडघे स्टिअरिंगला. म्हणून घरीच तीन मापं घ्या: बसल्यावर जमिनीपासून टाळूपर्यंत, भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत आणि बुटासकट चवड्याची रुंदी. तिसरं माप लोक हमखास विसरतात, आणि एमजीबीत पुष्कळदा तेच नडतं.

बसण्याची पद्धतही वेगळी आहे. मुंबईच्या जुन्या पद्मिनी टॅक्सीत चालक खुर्चीत बसावा तसा बसायचा, ताठ, पाय खाली सोडून. एमजीबीत बूड गाडीच्या जमिनीपासून जेमतेम वीतभर वर असतं आणि पाय समोर पसरलेले. पद्मिनीची सवय असलेला माणूस इथेही ताठ बसायला जातो आणि मग त्याची नजर बरोबर काचेच्या वरच्या पट्टीवर आदळते.

गाडी बघायला गेलात की

नेहमीचे नव्हे, गाडी चालवताना घालायचे तेच बूट घालून जा. टप खाली असताना बसणं सोपं आहे, त्याने काही सिद्ध होत नाही. टप लावायला सांगा, काचा वर करा, सीट पूर्ण मागे सरकवा आणि किमान वीस मिनिटं बसा. पहिल्या पाच मिनिटांत सगळंच छान वाटतं. मांडी सुन्न पडणं, कंबर धरणं हे पंधरा मिनिटांनंतर सुरू होतं.

बसल्या बसल्या क्लच तळापर्यंत दाबा आणि सोडा, दहा वेळा. गुडघा वर येताना स्टिअरिंगच्या कड्याला घासतो का बघा. मग ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलून ब्रेकवर न्या. गुडघा कडं आणि दार यांच्यामध्ये अडकत असेल तर ती गैरसोय नव्हे, धोका आहे. स्टिअरिंग अर्धा फेरा दोन्हीकडे फिरवा. कोपर पोटाला किंवा दाराला थटतं का? पोट आणि कडं यांच्यात स्वतःची मूठ आडवी बसली पाहिजे. हँडब्रेक टनेलच्या, म्हणजे दोन सीटांमधल्या गिअरबॉक्स झाकणाऱ्या उंचवट्याच्या, कडेला सीटला चिकटून असतो, म्हणून तो मांडी न हलवता ओढता येतो का तेही बघा. काच वर-खाली करायचा दांडा गुडघ्याला लागतो का, हेही.

पेडलांपाशी उजव्या आणि डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत फरक आहे. भारतात किंवा इंग्लंडमध्ये मिळणाऱ्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत टनेल डावीकडे येतं, त्यामुळे क्लच त्याला लागून असतो आणि डावा पाय विसाव्याला ठेवायला जागा उरत नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांच्या हाती येते ती डाव्या स्टिअरिंगची गाडी. तिथे ॲक्सिलरेटर टनेलला खेटून असतो आणि रुंद बूट एकदम ब्रेकवरही चढतो. दोन्हींवर पहिला उपाय फुकटचा: ट्रेकिंगचे किंवा जाड तळव्याचे बूट बाजूला ठेवा आणि अरुंद, पातळ, सपाट तळव्याचे घाला. तेवढ्याने भागलं नाही तर ॲक्सिलरेटरचा दांडा किंचित वाकवून पेडल बाजूला घेता येतं, पण तो गाडीतून काढून, शिकंज्यात धरून. जागच्या जागी वाकवायला गेलात तर केबल तिरकी ओढली जाते आणि पेडल परत यायला कुरकुरतं.

साल बघून निवडा. १९६७च्या अखेरीस नव्या गिअरबॉक्ससाठी टनेल रुंद झालं, तेव्हा अगदी रुंद पायाच्या माणसाला त्याआधीची गाडी थोडी मोकळी वाटते. १९७४ नंतरच्या काळ्या रबरी बंपरच्या गाड्या शौकीन नाकं मुरडून बघतात, पण अमेरिकी बंपर नियमांसाठी त्या साधारण दीड इंच उंच केल्या होत्या. जाड माणसाला आत शिरताना आणि बाहेर पडताना त्या दीड इंचाची किंमत कळते. किमतीतही त्या बहुधा स्वस्त पडतात. डोक्याचीच अडचण असेल तर १९६५ पासूनची एमजीबी जीटी बघा. तिचं छप्पर पक्कं आहे, समोरची काच उघड्या गाडीपेक्षा उंच आहे आणि टपाच्या आडव्या नळ्या डोक्यावर नाहीत.

सीट खाली आणणं

सगळ्यात जास्त फायदा इथेच. आधी सध्याचं कुशन तपासा. मूळ सीटमध्ये फोमखाली रबरी पडदा किंवा रबरी पट्ट्या ताणलेल्या असतात. त्या जुन्या होऊन फाटल्या की माणूस खोलात जातो, कंबर वाकते, गुडघे वर येतात. उलट, नुकतीच नवी गादी भरलेली सीट कित्येकदा मूळच्यापेक्षा इंच-दीड इंच उंच असते, कारण बाजारातला तयार फोम जाड आणि कडक येतो. विकणारा ‘सीट नव्या केल्यात’ असं अभिमानाने सांगेल. उंच माणसाने तिथेच सावध व्हावं.

सीट काढायला इंची पाने लागतात, मिलिमीटरचे नकोत, नाहीतर बोल्टचे कोपरे गोल होतात. सीट मागे सरकवली की रुळांचे पुढचे दोन बोल्ट दिसतात, पुढे घेतली की मागचे दोन. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बोल्ट जागच्या जागी गरगर फिरायला लागला तर जमिनीच्या पत्र्याला कायमची पक्की केलेली नट सुटली आहे. आणखी जोर लावू नका. गाडी खालून बघा, कारण तिथला पत्राही बहुधा खाल्लेला असतो, आणि गंजक्या पत्र्यावर शंभर किलोची सीट बांधणं बरोबर नाही. आधी वेल्डिंग, मग आराम.

रुळांखाली लाकडी पट्ट्या असतात. त्या काढल्या की सीट साधारण अर्धा इंच खाली येते. पण मग मूळ बोल्ट तेवढेच लांब पडतात. ते पूर्ण कसले जात नाहीत, आपल्याला मात्र घट्ट बसल्यासारखे वाटतात. त्याच आट्यांचे, तेवढेच आखूड आणि चांगल्या प्रतीचे बोल्ट घ्या. फक्त मागच्या बाजूची उंची कमी केली, पुढची ठेवली, तर बूड खाली जातं आणि मांडीला आधार मिळतो. लांब पायांच्या माणसाला हे जास्त मानवतं. मात्र रूळ पिळला जाता कामा नये. सीट बसवल्यावर ती पूर्ण मागे-पुढे अडथळ्याशिवाय सरकली पाहिजे आणि दर खाचेत खटका बसला पाहिजे. न बसलेला खटका ब्रेक मारताना सुटतो.

आता फोम. कव्हर खालून क्लिपांनी किंवा तारेच्या कड्यांनी धरलेलं असतं. ती सोडा, कव्हर उलटं गुंडाळत काढा आणि फोमचा गठ्ठा बाहेर घ्या. कापायचा तो खालून, वरून कधीच नाही. वरचा आकार बिघडला तर कव्हरला सुरकुत्या पडतात आणि टोचतं. विजेवर चालणारी ब्रेड कापायची सुरी उत्तम, नसेल तर करवतीचं लांब, नवं पातं. आधी फक्त बुडाखालच्या भागातून अर्धा इंच काढा, बसून बघा, मग पुन्हा अर्धा. जाडीच्या एक तृतीयांशापलीकडे जाऊ नका. वजनदार माणसाखाली उरलेला फोम चपटा होऊन बूड पट्ट्यांवर टेकतं, आणि तासाभराच्या प्रवासात ते सहन होत नाही. मांडीखालची पुढची कड जशी आहे तशी ठेवा, ती कापली की सगळं वजन एकाच जागी येतं. नव्याने भरायचं असेल तर गादीवाल्याला जास्त घनतेचा, पण पातळ फोम मागा. माझदा एमएक्स-५ या छोट्या जपानी स्पोर्ट्स कारच्या पहिल्या पिढीचे उंच मालकही हीच युक्ती वापरतात.

त्याच एमएक्स-५ च्या सीट एमजीबीत बसवायची पद्धत बरीच लोकप्रिय आहे. पाठीला त्या छान आहेत, डोक्याला आधारही देतात. पण एमजीबीच्या जागेत त्या जेमतेम मावतात आणि नीट रूळ केले नाहीत तर उंच बसतात. ज्याचं डोकं आधीच टपाला लागतंय त्याने त्या वाटेला जाऊ नये.

स्टिअरिंग

सुरुवातीच्या एमजीबीचं स्टिअरिंग साडेसोळा इंच व्यासाचं आहे. तिथे १४ इंचांचं बसवलं तर व्यास अडीच इंच घटतो, म्हणजे मांडीवर सव्वा इंच मोकळा होतो. ऐकायला थोडं, पण मांडी आणि कड्यामधून हात सरकायला तेवढंच हवं असतं. बदल्यात गाडी पार्क करताना दंडांना व्यायाम होतो, कारण पॉवर स्टिअरिंग नाही. आणि काही डायल कड्याआड जातात. वेगाचा काटा दिसतो की नाही हे विकत घेण्याआधी पुठ्ठ्याचं वर्तुळ धरून बघा.

पोटासाठी व्यासापेक्षा खोली महत्त्वाची. मधला भाग आत दबलेलं, बशीसारखं स्टिअरिंग कडं तुमच्या दिशेने आणतं. मोठ्या पोटाच्या माणसाने सपाट घ्यावं. मधला जोड सालानुसार वेगळा असतो, म्हणून गाडीचं साल सांगूनच मागवा. काढताना चाकं सरळ करा, खूण करा, मधली नट ढिली करा पण पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे अडकलेले ठेवूनच स्टिअरिंग हलवून ओढा, नाहीतर ते एकदम सुटून थेट दातांवर येतं.

आत शिरण्याची रीत

आधी बूड, मग डोकं, शेवटी पाय. सीट पूर्ण मागे, पाठ गाडीकडे करून उंबऱ्यावरून सीटवर बसा, मग आतला पाय स्टिअरिंगखाली, मागोमाग दुसरा. बाहेर येताना काचेची चौकट किंवा उघडं दार धरून स्वतःला ओढू नका. चौकट ॲल्युमिनियमची आहे आणि दाराच्या बिजागऱ्या तुमच्या वजनासाठी नाहीत. हात उंबऱ्यावर आणि टनेलवर टेकवा.

जग्वार ई-टाईपवर जीव असेल

मग खिशाबरोबर सालही तपासा. १९६१ मध्ये आलेल्या पहिल्या गाड्यांची जमीन सपाट आहे. संग्राहक त्यांच्यावर जीव टाकतात आणि उंच चालक त्यांत गुडघे छातीशी घेऊन बसतो. १९६२ च्या सुरुवातीला पायांसाठी जमीन खोलगट केली, सीटमागची भिंतही मागे खोलगट केली. १९६४ च्या ४.२ लिटर गाडीत सीट सुधारल्या. १९६६ ची चार आसनी ई-टाईप दोन आसनीपेक्षा ९ इंच लांब आहे आणि तिचं छप्परही उंच. १९७१ च्या बारा सिलिंडरच्या तिसऱ्या मालिकेतली उघडी गाडीही चार आसनीच्याच, पुढच्या-मागच्या चाकांत १०५ इंच अंतराच्या सांगाड्यावर बांधली. धिप्पाड माणसाने या शेवटच्या दोनच बघाव्यात. सपाट जमिनीची गाडी कापून खोलगट करण्याच्या भानगडीत पडू नका, किमतीचा चुराडा होतो. फोर्डने १९६७ च्या ले मान्स शर्यतीसाठी आपला उंच चालक डॅन गर्नी याच्या शिरस्त्राणापुरता गाडीच्या छपराला फुगवटा काढला होता. ती कारखान्याची गाडी होती, आपली नाही.

सगळं झाल्यावर

सीट खाली गेली की सीटबेल्टच्या पट्ट्याचा मार्गही बदलतो. कंबरेचा भाग पोटावर नव्हे, पोटाखाली कमरेच्या हाडांवर आला पाहिजे, खांद्याचा भाग मानेला घासता कामा नये. पट्टा आखूड पडत असेल तर मध्ये जोडायचे तुकडे घेऊ नका, लांब पट्टाच मागवा. मागे सुरक्षा नळी (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान) असेल तर तिच्या माथ्यापासून काचेच्या पट्टीवर लांब काठी ठेवा. बसलेल्या माणसाचं डोकं काठीच्या किमान दोन इंच खाली हवं, सर्किटवर जाणार असाल तर शिरस्त्राणासकट.

मग तुम्ही आत बसलेले असताना दुसऱ्याला मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजायला सांगा. मागे पाट्याचे स्प्रिंग आहेत, आणि वर्षानुवर्षं एकट्या वजनदार चालकाने वापरलेली गाडी त्याच्या बाजूला कलते. पाऊण इंचाहून जास्त फरक असेल तर दोन्ही पाटे बदला, एकच नाही. मांडी टनेलला टेकत असेल तर गालिच्याखाली उष्णतारोधक चटई घाला, पुण्याच्या एप्रिलमध्येच कशाला, इंग्लंडच्या जुलैतही ते टनेल भाजतं.

काढलेल्या लाकडी पट्ट्या, जुने बोल्ट आणि मूळ स्टिअरिंग नाव लिहून एका पेटीत ठेवा. गाडी विकताना पाच फूट चारचा गिऱ्हाईक आला तर त्याला काचेपलीकडचं दिसण्यासाठी ते सगळं परत लागणार आहे.